उत्तरेचा बाण

नकाशेसरांना शाळेत सगळेच वचकून असत. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी देशाची अख्खी किनारपट्टी फळ्यावर उतरवली असती, आणि कुणाचा नकाशा चुकला की त्याची भर वर्गात सालटी काढण्यातही त्यांचा हातखंडा होता. निवृत्ती दाराशी आली तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. जगातल्या नद्या घडाघडा म्हणणाऱ्या वर्गाला त्यांनी सहज विचारलं, आपल्या नळाला पाणी कुठून येतं? मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. सरांना स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. भूगोलाच्या पुस्तकात असा एक धडा हवा, की मुलांनी बाहेर पडून आपली गल्ली पावलांनी मोजायची आणि तिचा नकाशा स्वतः काढायचा. तसं त्यांनी अभ्यासक्रम समितीला लिहून पाठवलं. बोलावणं आलं, तसे सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

लांबलचक टेबलाच्या टोकाला बसलेल्या अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, ओळखलंत का? मी तुमच्याच वर्गात होते. दारात बसून घरासमोरचा ओढा काढून आणला होता."

सरांना काही आठवेना.

"आमचं दार दक्षिणेला. समोर दिसलं ते मी कागदावर वर काढलं, त्यामुळे उगवता सूर्य डावीकडे आला. तुम्ही तो कागद सगळ्यांना दाखवून म्हणालात, हिच्या घरी सूर्य पश्चिमेला उगवतो. वर्ग खो खो हसला. मग वर्षभर मला कुणी नावाने हाक मारली नाही."

सरांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. म्हणून तर हा धडा…"

"छे, चुकलं कसलं? त्या दिवसापासून पाठ करायला लागले, म्हणून या खुर्चीपर्यंत आले." बोलण्यात टोमणा नव्हता. सरांना तेच जास्त लागलं. "पोरांनी काढून हसं करून घेण्यापेक्षा न काढलेलं बरं. छापील नकाशा द्यायचा, नावं भरून घ्यायची."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. धडा निकालात निघाला.

सर उठायला लागले, तशा बाई अगत्याने म्हणाल्या, "ते छापील नकाशे मात्र तुम्हीच काढून द्या, सर. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

नाही म्हणायला सरांची जीभ रेटेना. शिपायाने कोरे कागद समोर ठेवले. सरांनी पेन्सिल उचलली, आणि सवयीने आधी कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला, टोक वर करून.