डावखुऱ्याचे घाव

जावयाने सकाळपासून डोकं खाल्लं. "तात्या, जुन्या घरांचं सगळं लिहून काढा." मी तिसरीत शाळा सोडलेली, लिहिणार काय कपाळ? असल्या गोष्टी धुळीसारख्या अंगावर साठतात. झटकायला बसलो की दुसऱ्याच्या नाकात जाणार. मग तक्रार ऐकून घेणार नाही.

साठनंतरच्या त्या वर्षांत तारापूरला पावरहाऊसचं काम निघालं. घाटावरचे नोकरदार खोल्या शोधत आले. लोकांनी जुनी लाकडी घरं उतरवून स्लॅबच्या खोल्या बांधायला घेतल्या. घरं उतरवायला आमची टोळी, आणि हरी आमचा मुकादम.

हरीचा आणि माझा, दोघांचेही बाप सुतार. पालघरच्या शेठचं दुमजली घर दोघांनी मिळून उभं केलं, असं माझा बाप शेवटपर्यंत सांगत होता. हरी मात्र चारचौघांत म्हणायचा, "घर माझ्या बापानं बांधलं. याचा बाप तिथं चिलीम भरायला होता."

बाप गेलेला, उत्तर कोण देणार? मी ठरवलं, ते घर उतरेपर्यंत टोळी सोडायची नाही.

*

तारापूरच्या एका मालकाची फुशारकी होती, "आजोबांनी ही तुळई ब्रह्मदेशातून मागवली." खाली घेतली तर तिला खिळ्यांच्या भोकांची रांग, आणि खाचेत कालवांची कवचं चिकटलेली.

मालकाची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "फुटलेल्या गलबताचं लाकूड हाय ते. कोणाला सांगू नको म्हणून सासूनं शपथ घातलेली."

"मग आता कशाला सांगितलंस?"

"सासू गेली. आनि तुझा ब्रह्मदेश ऐकून माझे कान किटले."

*

उमरोळीला दोन चुलतभावांचं एक घर, मधे भिंत. दोन्हीकडचं बोलणं कित्येक वर्षं बंद. इकडे भिंतीला भाताचा कणगा, तिकडे गाद्यांची चवड. दोन्ही हलवलं तर मधे दार. दोन्ही बाजूंना कड्या, आणि दोन्ही काढलेल्या.

दोघी म्हाताऱ्या जावा दाराशी आल्या. थोरली म्हणाली, "मी कवाच लावली नव्हती. हीच आली नाय."

धाकटी म्हणाली, "मी पन काढूनच ठेवलेली. तुमी ढकलून तरी बघायचं."

हरीने विचारलं, "आता काय करू?"

थोरली म्हणाली, "भिंत पाड. दार ठेव."

*

बोईसरला एका घरात एक खांब रांगेच्या बाहेर उभा. घरचे त्याला देवाचा खांब म्हणत, रोज हळदकुंकू वाहत. उतरवताना बघितलं तर लाकडांवर पटाशीने कोरलेल्या खुणा दोन तऱ्हेच्या. घर हलवायचं तर सुतार अशा खुणा करतात, म्हणजे परत जोडताना लाकूड आपल्या जागी बसतं. कोणीतरी दोन घरांची लाकडं एकाच गाडीत भरून आणली होती. देवाचा खांब दुसऱ्याच्या गोठ्याचा निघाला.

हरी म्हणाला, "हा घोळ तुझ्या बापाचाच."

मी त्याला लाकडाचं टोक दाखवलं. वरचं अंग रंध्याने गुळगुळीत करतात, पण खांबात लपणाऱ्या टोकावर वाकसाने तासल्याचे घाव तसेच राहतात. "हे घाव उजव्या हाताचे हायेत. माझा बाप डावखुरा. त्याचे उलटे पडतात."

"डावा काय नि उजवा काय," हरी म्हणाला, आणि विडी पेटवली.

*

शेवटी पालघरचं घर निघालं. हरीने मला अंगणात कौलं रचायला बसवलं. मोठी तुळई मोकळी करायची वेळ आली तशी मी शिडी चढलो.

"खाली उतर."

"नाय उतरत."

तुळई खांबातून निघाली. टोकावरचे घाव सगळे उलटे. दुसरं टोक काढलं, तिथेही उलटे. हरीने हात फिरवला. मग करवतवाल्याला म्हणाला, "टोकं कुजलीत. कापून टाक."

"मुकादम, लाकूड टणक हाय."

"काप म्हटलं ना."

कापलेलं एक टोक मी उचललं. दुसरं हरीने उचललं आणि घरी नेलं.

पुढच्या दिवाळीला त्याच्याकडे गेलो. ते टोक तेल लावून, पुसून, त्याच्या बापाच्या फोटोखाली, उलटे घाव पुढे करून ठेवलेलं.

मी विचारलं, "हे काय?"

"लाकूड," तो म्हणाला. "चहा घे."

चहा घेतला. चकली घेतली. माफी अजून मिळायची आहे, हरी मुकादमाकडून.