बारा दिवसांची ऐच्छिक शिकवणी

पत्रकाराच्या डायरीत दोन तऱ्हेच्या नोंदी साठतात. काही छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. काही "ही काय बातमी आहे का?" असं विचारून संपादक परत पाठवतो. टिकतात त्या याच! माझ्याकडच्या अशा नोंदींची अर्धी डायरी एकट्या शफीभाईंच्या दुकानानं भरली आहे.

शफीभाई पूर्वी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. आता नांदेडला वादक-गायकांसाठी रेडीमेड म्युझिक सिस्टीम विकतात. कंप्युटर, कीबोर्ड, माइक, स्पीकर, आत सनईपासून ढोलकीपर्यंतचे आवाज भरलेले. घरी न्यायचं, प्लग लावायचा, वाजवायचं. पत्रकाच्या तळाला एक ओळ : 'बारा दिवसांची शिकवणी ऐच्छिक.'

त्या ओळीवरून मी त्यांच्याशी कायम भांडत आलो. "ऐच्छिक लिहिलं की आपल्याकडं कुणी येत नाही. सक्तीची करा!"

"साहेब, कलाकाराला सक्ती कशी करायची?"

दुकानामागची एक खोली त्यांनी शिकवणीसाठी राखली होती. शफीभाई नुसते नावाचे दुकानदार; त्यांचा जीव त्या खोलीत. चार वर्षांत एकानंही बारा दिवस पूर्ण केले नव्हते. शेवटी लातूरची शाखा सांभाळणारे त्यांचे भागीदार सुधाकरराव म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक माणूस, फक्त एक, बारा दिवस पुरे केलेला दाखवा. न्हाई तर ती ओळ खोडायची आन खोलीत खोकी ठेवायची!"

*

त्या चार वर्षांतले हे काही नमुने. हिमायतनगरकडचं एक भजनी मंडळ शिकवणीच्या पहिल्या दिवशी आलं. शफीभाईंनी कंप्युटरची टिकटिक लावून दिली. तिच्या लयीत गायचं. आपलं भजन पहिल्या कडव्याला चालतं, तिसऱ्याला पळतं आणि शेवटी उधळतं. टिकटिक मात्र आपल्याच चालीनं.

भजन संपल्यावर मृदंगवाले बुवा म्हणाले, "शफीभाई, मशीन बदलून द्या. मागं पडून राहिलंय!"

"बुवा, ते एका लयीत राहतं. तुम्ही पुढं गेलात."

"आम्ही सात जण पुढं गेलो, आन ते एकटं बरोबर?"

दुसऱ्या दिवशी मंडळ आलं नाही.

*

लातूरचे एक कीबोर्डवादक. शिकवणीचं नाव काढताच उसळले, "मला शिकवता? उभा जन्म स्टेजवर गेलाय माझा!"

घरी त्यांच्याकडून एक सेटिंग बदललं गेलं. पट्टी दाबली की आवाज किंचित उशिरा यायचा. दोन वर्षं तक्रार नाही. एकदा शफीभाई सहज भेटायला गेले, त्यांच्या लक्षात आलं, दोन मिनिटांत त्यांनी ते नीट केलं. वादकांनी वाजवून पाहिलं आणि भडकलेच.

"काय करून ठेवलं हे? सूर आधीच यायला लागला!"

दोन वर्षांत त्यांनी प्रत्येक पट्टी जरा आधी दाबायची सवय लावून घेतली होती. शफीभाईंना बिघाड परत बसवून द्यावा लागला!

*

जळकोट तालुक्यातल्या एका शाळेनं सिस्टीम घेतली. पाहुणे आले, फीत कापली, मशीन प्लास्टिकसकट कपाटात गेलं. पुढच्या वर्षी दुसरे पाहुणे आले आणि त्याच मशीनची फीत पुन्हा कापली! माझं डोकं फिरलं. फोटोसकट सणसणीत बातमी लावली.

सकाळीच मुख्याध्यापकांचा फोन. मी भांडायच्या तयारीनंच उचलला.

"साहेब, लई आभार! फोटोत शाळेचं नाव एकदम स्पष्ट आलंय."

"अहो, शिकवणीला एखादा शिक्षक तरी पाठवा!"

"पाठवला असता साहेब. पण मग प्लास्टिक काढावं लागंल की!"

*

माहूरच्या तीन गायकांनी देवीच्या गाण्यांचे अल्बम काढले आणि तिघांनी एकमेकांवर चाल चोरल्याचा आरोप केला. तिघंही वेगवेगळे माझ्याकडे आले. तिघांचीही मागणी एकच, "ह्या चोराचं नाव पेपरात छापा!"

मी तिन्ही गाणी शफीभाईंना ऐकवली. शफीभाई चक्क लाजले.

"साहेब, ही चाल माझी हाय. मशीन चालतंय का बघायला मी प्रत्येकात भरून देतो. शिकवणीत पहिल्या दिवशी तीच पुसायला शिकवतो."

मी तिघांना दुकानात एकत्र बोलावून हे सांगितलं. मग त्यांच्यातला थोरला शफीभाईंकडे वळला.

"म्हणजे आमची चाल तुम्ही आमच्या आधीच वाजवली? मग तर केस तुमच्यावरच करावी लागंल!"

*

दिवाळीला महिना उरला असताना पन्नाशीच्या एक बाई दुकानात आल्या. मी तिथंच बसलो होतो.

"मशीन नको. शिकवणी तेवढी द्या."

शफीभाईंना वाटलं, थट्टा आहे.

"मशीन घरी हाय. दोन वर्सं झाली, मालकांनीच तुमच्याकडून नेलं. ते पेटीचे मास्तर हायत, गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली. तुम्ही शिकवणीचं म्हणलात तवा त्यांना राग आला. आता रोज मशीनसमोर बसतात. आवाज निघंना की म्हणतात, आज लाईट कमी हाय. मला बघवंना, भाऊ."

अट एकच. रजिस्टरात नाव लिहायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. मग माझ्याकडे वळून, "पेपरवाले भाऊ, तुम्ही बी!" नाव-गाव वगळून लिहायची परवानगी त्यांनी मला पुष्कळ उशिरा दिली.

घरी त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं होतं. बारा दिवस एसटीनं आल्या, वहीत आकृत्या काढून नेल्या. बाराव्या दिवशी शफीभाई दारापर्यंत सोडायला गेले. "ताई, बारा दिवस पुरे करणाऱ्या तुम्ही पहिल्या!" म्हणाले.

आठवड्यानं सुधाकरराव लातूरहून आले आणि टेप घेऊन खोलीची मापं काढायला लागले. तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. शफीभाईंचे दोन्ही हात वायरींत, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला.

"शफीभाई! तुमचं मशीन लागलं हो! सकाळी घरात झाडलोट झाली की जाऊन बसतो, तर सगळं तयार! नुसतं बोट ठेवायचं. आन तुम्ही उगाच शिकवणी-शिकवणी करून राहिले होते. काय गरज हाय का तिची?"

सुधाकरराव टेप गुंडाळत दारात आले. "ऐकलंत का, शफीभाई?"

मी बोलायला तोंड उघडलं. शफीभाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग ते फोनवर वाकले.

"न्हाई मास्तर. मशीनच तसं हाय."