गुडघा नाही, खांदा

दम्मामच्या विमानतळावर अमेरिकेला शिकायला निघालेला आमचा इम्रान आत गेला, तेव्हा तो एकदा तरी मागे बघेल म्हणून मी काचेपाशी थांबले. त्याने बघितलं नाही. "चल सलमा," हे म्हणाले, "बघितलं असतं तर तूच त्याला जाऊ दिलं नसतंस."

मी लग्न होऊन श्रीवर्धनहून इकडे सौदीत कतीफला निघाले, तेव्हा आई दारातच थांबली होती. "पोचलीस की कळव. रडलीस तर कळवू नकोस." मी पहिलं वर्षभर फोनवर हवा छान आहे असंच सांगितलं. त्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेजातून इम्रान "ऑल गुड, अम्मी" म्हणायचा, तेव्हा त्याचा अर्थ मला लगेच कळायचा.

फुटबॉलच्या टीममध्ये त्याला घेतलं होतं, पण पहिला सीझन बाकावरच गेला. हा फुटबॉल आपला लाथेचा नव्हे, लांबट चेंडूचा. शाळेत असताना जवळच दहरानला तेलकंपनीत असलेल्या अमेरिकनांच्या पोरांत खेळून तो शिकला. तो 'रनिंग बॅक'. म्हणजे चेंडू पोटाशी धरायचा आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड पोरांमधून वाट काढत पळायचं. दुसऱ्या सीझनला त्याच्या जागेवरचा मुलगा जखमी झाला, कोचने याला उतरवलं, आणि आमचं पोर असं पळालं की सगळं स्टेडियम उभं राहिलं. मग कॉलेजभर त्याचे फोटो लागले. माझ्या बहिणीने तो व्हिडिओ श्रीवर्धनच्या अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला.

शनिवारी रात्री इशाच्या नमाजानंतर आम्ही दोघं लॅपटॉप उघडून बसायचो. तोच सीझन संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. समोरच्या टीमचे दोघे एकदम त्याच्यावर आदळले. ते उठले, इम्रान उठला नाही. तेवढ्यात जाहिरात लागली. ह्यांनी फोन लावला, पुन्हा लावला. रिंग नुसती वाजत राहिली. मध्यरात्र उलटली, तरी आम्ही दोघं जागचे हललो नाही.

अखेर त्याचाच फोन आला. "अम्मी, गुडघा नाही, खांदा आहे. पळता येईल."

"अल्ला तेरा शुकर, खांदा!" मी ओरडले आणि हसतच सुटले. पोराचा खांदा मोडला म्हणून हसणारी आई तुम्ही बघितली नसेल.

सुट्टीत तो हात गळ्यात बांधून कतीफला आला. दारातून जेमतेम आत मावेल एवढा झालाय. उन्हाळ्यानंतर पुन्हा खेळ, असं डॉक्टरांनी सांगितलंय. उजवा हात बांधलेला, म्हणून सुरमईचे काटे काढून मीच त्याला भरवत होते. यंदा हे रिटायर होणार, मग इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास आणि आम्ही श्रीवर्धनला. तिथे तो पाहुण्यासारखाच राहिलाय. त्यामुळे त्याच्या एका प्रश्नाची मला वर्षानुवर्षं धास्ती होती, आणि तोच त्याने घास चावता चावता विचारला.

"नेक्स्ट टाइम घरी म्हणजे कुठे यायचं, अम्मी? इथे की श्रीवर्धनला?"

उत्तर द्यायला मला वाटलं होतं तेवढं काही जड गेलं नाही.

"आम्ही असू तिथे ये," मी म्हटलं. "आधी तोंड उघड."