पुढचं सांगायचं नाही

आमच्या घरात कादंबरी एक आणि वाचणाऱ्या दोघी, मी आणि माझी सासू. वणीच्या वाचनालयात एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं आणि दुसरं कार्ड काढायला सासूबाईंची ना. "एका घरात दोन चुली नाहीत, मंग दोन कार्डं कायले पाह्यजे?" झालं, विषय संपला. म्हणून पुस्तक एक आणि खुणा दोन. माझी खूण राजूर-वणी बसचं तिकीट, त्यांची खूण बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. दुपारी मी वणीला बँकेत असते तेव्हा पुस्तक त्यांचं, संध्याकाळी माझं. आमच्या राजूरला कोळशाच्या खाणी, त्यामुळे कव्हरवर रोज काळी धूळ बसते. ती पदराने पुसल्याशिवाय सासूबाई पुस्तक उघडत नाहीत.

नियम एकच. जी पुढे असेल तिने मागचीला पुढचं सांगायचं नाही. मत द्यायचं, पण दोघींचं वाचून झालं असेल तिथपर्यंतचंच. नियम त्यांचा, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका रहस्यकथेतला खुनी मी मेथी निवडता निवडता सांगून बसले. सासूबाईंनी अबोला धरला. नवऱ्याला वाटलं, घरात मोठंच काहीतरी बिनसलं. तो बिचारा दोघींची समजूत काढत फिरला.

मतं मात्र पोत्याने. सकाळी मी पोळ्या लाटायला घेतल्या की त्यांचं सुरू.

"हा हिरो काई कामाचा नाही. जेव्हा पाह्यलं तेव्हा खिडकीत उभा राह्यते."

"अहो आई, तो विचार करतोय."

"विचार कराले खिडकी कायले लागते? मी भांडे घासता घासता करतो."

 सासूबाई म्हणजे केळापूरच्या गुरुजींची मुलगी. लहानपणापासून हाताला लागेल ते वाचलेलं. मोठ्या मोठ्या लेखकांना त्या कोथिंबिरीच्या जुडीसारखं उलटंपालटं करून बघतात आणि बाजूला ठेवतात.

बाकी आमचं बोलणं म्हणजे दूध, गॅस आणि पोरीचा डबा. मनातलं उघड बोलायची आमच्याकडे रीत नाही. बोलायचंच झालं तर कादंबरीतल्या बाईवर घालून बोलायचं. मला दुसरं मूल नको होतं, ते मी अशीच कुठल्याशा कादंबरीतल्या, एकाच लेकरावर थांबलेल्या जावेचं कौतुक करत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "शहाणी आहे ते बाई," आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी पाळण्याचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी बँकेत मला बढती मिळाली. कारकुनाची अधिकारी होणार, पण जागा पुसदची. पुसद आमच्याच जिल्ह्यात, पण राजूर या टोकाला तर पुसद त्या टोकाला, एसटीत अख्खा दिवस जातो. नवरा खाणीत पाळीवर, त्याला हलता येत नाही. पोरगी चौथीत, तिची शाळा इथे. म्हणजे मी तिकडे खोली करून राहायचं, शनिवारी यायचं, आणि घर, पोरगी सगळं सासूबाईंच्या गळ्यात. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "आईले विचार. आई हो म्हणली तर माही काई ना नाही." घ्या! घोडं परत माझ्याच दारात.

मला जायचं होतं, हे स्पष्टच सांगते. माझ्या हाताखाली काम शिकलेली पोरं साहेब झाली आणि मी खिडकीत नोटा मोजत बसले होते. साहेबांनी सोमवारपर्यंत हो की नाही सांगायला सांगितलं होतं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं.

आणि कावळा बसायला नि फांदी तुटायला गाठ पडावी, तसं झालं. तेव्हा आमच्याकडे जी कादंबरी होती ती मी नुसतं कव्हर बघून उचललेली. तिच्यातली बाई शिक्षिका. दूरच्या गावी नोकरी लागते, लेकरू सासूजवळ ठेवून जावं की न जावं, हेच सगळं. मला वाटलं, देवच पावला. कादंबरीतली गेली आणि सासूबाईंना ते पटलं, की लगेच माझं विचारून टाकायचं. त्यांचं मतही चांगलं होतं. "सासू बरी रंगवली आहे. उगा छळत नाही. विहिरीवरून दोन दोन घागरी आणते म्हातारी." त्यांची पट्टी आली होती त्या पानावर, जिथे ती बाई पिशवी घेऊन बसस्टँडवर उभी असते.

मी पुढे गेले. बाई नोकरीवर जाते, रुळते, आणि इकडे एका सकाळी तिची सासू न्हाणीत घसरून पडते. घरात कुणी नाही. सून येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं आणि अख्खं गाव तिच्याकडे बघत असतं. मी पुस्तक आपटलंच. मेल्या, म्हातारीला कशाला मारलीस! लेखक समोर असता तर लाटणंच फेकून मारलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी पुस्तक गुपचूप पिशवीत टाकलं. सासूबाईंचं लक्ष होतंच.

"कुठं नेऊन राह्यली?"

"मुदत संपली आई. परत करते. तशीही काही खास नाही."

"मंग मुदत वाढवून आण. अन् खास नाही हे तुले कसं समजलं? पुढं गेली का तू?"

मी पिशवी खांद्याला लावली. मग म्हटलं, त्या पुढचं वाचायच्या आतच विचारून घ्यावं. "आई, ते पुसदचं..."

"माहीत आहे मले. पोरानं सांगतलं. आधी हे बाई जाते का नाही ते पाहू दे. ठेव पुस्तक."

ठेवलं. आता बोलायची सोय उरली नाही. सांगावं तर नियम मोडतो, न सांगावं तर पुसद हातचं जातं. दिवसभर बँकेत माझा हिशोब चुकत राहिला.

शनिवारी दुपारी घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. पुस्तक मिटलेलं, त्यावर चष्मा. पोरगी शेजारी खेळायला गेलेली. मी चहा करून आणला आणि खाली बसले.

"मेली म्हातारी," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुले माहीत होतं."

"हो."

"म्हणून परत करून राह्यली होती."

मी मान खाली घातली. त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायल्या, बशी खाली ठेवली.

"आळशी आहे हा लेखक," त्या म्हणाल्या. "घागरी वाहणारी धडधाकट बाई, अन् त्यानं दिली न्हाणीत पाडून. कायले? तर सुनेले रडवाचं होतं. दुसरं काई सुचलं नाही त्याले. मले नाही पटलं."

मी त्यांच्या बशीत उरलेला चहा ओतला.

"अन् मी काय म्हणतो, सून घरात असती तरी म्हातारी पडलीच असती. सून काय न्हाणीत हात धरून उभी राह्यते का? पडणारं माणूस पडते. त्याचं खापर कायले पोरीवर?" मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सोमवारी सायबाले हो सांग."

मला रडूच फुटलं. इतकी वर्षं या बाईसमोर मी कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि आता थांबेना.

"रडू नको व. त्या लेखकाचंच खरं होईन."

मला हसूही आलं. तोंड पुसलं, कपबशा उचलल्या. सासूबाईंनी पुस्तकातली रिकामी पट्टी काढून घेतली, माझं तिकीट होतं तिथेच राहू दिलं. मी दारात पोचले तेव्हा मागून हळूच म्हणाल्या, "अन् पोराले म्हण, आपल्या न्हाणीत धराले एक लोखंडी दांडा बसवून दे."