सासूबाईंची मिश्री आणि मोतीबिंदू

त्या वर्षी मोरयावरचा माझा विश्वास जरा डळमळलाच होता, खोटं कशाला बोलू! सासूबाईंच्या काळजाची झडप आधीच अधू, त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदळात खडे राहायचे त्यांच्याच हातून आणि करवादायच्या माझ्यावर. मी चिडायची, मग देवापुढे बसून रडायची.

तेव्हाचं चिंचवड किती निवांत होतं! आकुर्डीच्या कंपनीची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा, एरवी नदीकाठच्या देवळातली घंटा आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायची. तिथल्याच शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. हे कामावर गेलेले, म्हणून सासूबाईंना मीच घेऊन गेले. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात तिथल्या माणसानं विचारलं, काही औषध चालू आहे का? सासूबाईंनी ठणकावून "नाही" सांगितलं. नंतर म्हणतात कशा, "डोळ्याचं विचारत होते, काळजाचं कशाला सांगू?"

नंबर जवळ आला तशी त्यांना मिश्रीची तलफ आली. "अहो, आज तरी नको!" म्हटलं, तर म्हणाल्या, "डोळा कापणारेत, दात नव्हे." आणि बसल्या भिंतीकडेला हिरड्या घासत. शेजारी चाकणकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. ती एकदम ओरडली, "अगं बया! म्हातारीच्या तोंडातनं रगत येतंय की! थांबतच न्हाई!" मी घाबरून पदरानं पुसत राहिले. ती मात्र तडक आत जाऊन डॉक्टरांना घेऊनच आली. मी गोळीचं सांगितलं, तसे डॉक्टर म्हणाले, "आज भुलेची सुई टोचली असती आणि डोळ्यामागे रक्त साचलं असतं, तर डोळाच गेला असता."

पुढे पुण्याच्या इस्पितळात नेलं. गोळी चालू ठेवावी तर डोळ्याला धोका, थांबवावी तर काळजात गुठळी व्हायची भीती. डोळ्यांच्या आणि काळजाच्या डॉक्टरांनी मिळून, रक्त तपासून, थोडे दिवस गोळी बंद ठेवली. त्या दिवसांत माझ्या हातात काहीच नव्हतं. नवससुद्धा सुचेना. एवढंच म्हणाले, "मोरया, तुझी म्हातारी आता तूच सांभाळ." आणि काय सांगू, मला शांत झोप लागली. आपलं धडपडून झालं की उरलेलं त्याच्यावर टाकता येतं, हे मला तेव्हा कळलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढे जाड भिंगाचा चष्मा लागला, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. कधी नव्हे ते माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस गं तू! मला कुणी सांगितलंच नाही."

मला हुंदका आवरेना. त्या चाकणच्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देवळात गेले की एक नमस्कार मी अजून तिच्यासाठी करते.