गुडघ्याखालचा फोम

माझी थोरली मेहुणी सोफे बनवते. तोंडात दहा-बारा बारीक खिळे धरूनही ती अख्ख्या कारखान्याला झापू शकते, आणि समोरच्याला त्यातला प्रत्येक शब्द कळतो. वय चोपन्न. आठवड्याचे सहा दिवस ती गुडघ्यांवर बसून लाकडी सांगाड्यांवर फोम आणि कापड चढवते. सातव्या दिवशी माउंटन बाइक घेऊन डोंगर गाठते.

ही बाइक तिला एका गिऱ्हाइकाच्या घरी, सोफा हलवल्यावर त्याच्यामागे दिसली होती. घरात ती कुणीच चालवत नाही असं कळल्यावर आमच्या बाई म्हणाल्या, मग मी चालवते. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. आम्ही सगळे हसलो. त्यात मी जरा जास्तच हसलो, कारण माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि पुढचा सगळा ताप मला दिसत होता.

झालंही तसंच. दगड दिसला की माणसं ब्रेक दाबतात, ही बाई पॅडल मारते. मग टायर दबतो आणि आतली रिम दगडावर आपटून वाकते. तिच्या रिमा सरळ करून करून माझीच बोटं वाकडी व्हायची वेळ आली होती.

दरवर्षी त्या डोंगरावर शर्यत असते. माथ्यापासून तळ्यापर्यंत, अकरा किलोमीटर दगडधोंड्यांतून खाली यायचं. तीन वर्षं तिनं भाग घेतला आणि तिन्ही वर्षं सायकल खांद्यावर टाकून चालत खाली आली. एकदा पंक्चर, एकदा रिम, एकदा दोन्ही. चौथ्या वर्षी जेवताना ती माझ्या बायकोला म्हणाली, “या वेळी चालत आले तर सायकल भिंतीला टांगणार.” आवाज अगदी शांत होता. ती ओरडते तेव्हा काळजी नसते. शांत बोलली की ते करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, की टायरच्या आत रिमभोवती फोमची रिंग बसवतात. दगडाचा मार ती झेलते, आणि हवा गेली तरी तिच्यावर रखडत का होईना, खाली येता येतं. तिच्यासाठी एक तयार जोडी मी दुकानात आणूनही ठेवली होती. चूक एवढीच झाली, की मी ‘फोम’ म्हणालो.

“जावईबापू,” ती म्हणाली, “तीस वर्षं फोम कापतेय मी. आता तुमच्याकडून विकत आणू?”

तिनं भारीतल्या सोफ्यांचा सगळ्यात मऊ फोम काढला आणि दोन रिंगा कापल्या. सुरेख गोल, नजर लागावी अशा. त्या बसवताना माझे अंगठे सोलवटून निघाले. वरून मी पंक्चर आपोआप बुजवणारा तो पांढरा द्रव टायरमध्ये ओतला. मनात एक शंका आली होती, पण फोमवर तिच्याशी कोण बोलणार.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी तिनं सायकल डोंगरावर चालवून पाहिली. तिसऱ्या किलोमीटरला चाक जड झालं, मग बसलंच. टायर उघडला तर फोमनं सगळा द्रव पिऊन टाकला होता, चहात बुडवलेल्या पावासारखा तो लिबलिबीत झाला होता. सोफ्यावर पाणी सांडू नका म्हणून गिऱ्हाइकांना दम देणारी हीच बाई. तिला बोलायची ही संधी सोन्यासारखी होती, पण तिचं तोंड बघून मी टायर पुसायला घेतला.

शर्यतीला चार दिवस उरले होते तेव्हा मी तयार रिंगा घेऊन तिच्या कारखान्यात गेलो. ती गुडघ्यांवर बसून काम करत होती. रिंगा टेबलावर ठेवताना माझं कोपर तिच्या कपाला लागलं आणि सगळा चहा तिच्या गुडघ्याखालच्या चटईवर सांडला. तिनं सवयीनं फडकं फिरवलं. चटई कोरडी. तिनं चटईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चटईकडे पाहिलं.

काळा, कडक, दाट फोम होता तो. वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा यंत्राच्या खोक्यात आलेला. वीस वर्षं तिचं वजन झेलून दबला नव्हता आणि थेंबभर पाणी प्यायला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, हिचा कळसा गुडघ्याखाली होता.

“ताई, तयार रिंगा आहेत की,” मी म्हणालो. पण तिनं सुरी उचलली होती. दहा मिनिटांत चटईच्या टायरमध्ये बसतील अशा पट्ट्या झाल्या. आणि गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली ते सोसतील.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तळ्याकाठी उभे होतो. एकेक जण येत होता, ती दिसेना. बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठा पुन्हा ठणकायला लागला. मग वळणामागून फटफट असा आवाज आला. मागचा टायर बाजूनं फाटलेला, हवा केव्हाच गेलेली, आणि ती त्या पट्ट्यांवर हेलकावे खात येत होती. पण सीटवर बसून. शेवटून तिसरी आली. मी रडलो, हे बायकोनं सगळ्यांना सांगितलंच आहे, तेव्हा लपवत नाही.

उतरल्या उतरल्या ती म्हणाली, “जावईबापू, रिम बघा.” रिम सरळ होती.

सोमवारी मी कारखान्यात गेलो तर बाई गोणपाटाची घडी करून तिच्यावर गुडघे टेकून बसलेल्या. मी पिशवीतून चटई काढून पुढे ठेवली. त्या तयार रिंगांचे तुकडे करून, शेजारी शेजारी चिकटवून, मी सकाळी ती बनवली होती. कडा वाकड्यातिकड्या होत्या. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. मग तोंडातले खिळे एकेक करून टेबलावर काढून ठेवले. कामाच्या मध्येच, बोलण्यासाठी तिनं खिळे काढलेले मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते.

“कापलीय अगदी सायकलवाल्यासारखी,” ती म्हणाली आणि तिच्यावर गुडघे टेकले. “पण अजून वीस वर्षं जातील हिच्यावर.”