डाव्या बाजूचा नट

विकास गटाच्या कचेरीत मी लेखनिक होतो आणि कचेरीच्या जीपचं लॉगबुक माझ्याकडे होतं. जीप लष्कराच्या लिलावातली. पुढची चाकंही इंजिनानं ओढणारी, म्हणून ओढ्यातून आणि चिखलातून बिनबोभाट निघायची. खोड एकच होती. तिच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते. इतर नट डावीकडे फिरवले की सुटतात, हे उजवीकडे फिरवावे लागत. पहिल्याच महिन्यात पंक्चर काढताना हे न कळल्यामुळे आम्ही दोन बोल्ट तोडले. पुन्हा असं व्हायला नको म्हणून मी डाव्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलं : 'या बाजूचे नट उलटे.' अक्षर माझं बरं होतं. साहेबांनीही बघून मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात आडबाजूच्या एका गावात गुरांना बुळकांडी लागली. चार बैल मेले. सोलापूरला लस आली, ती आणून त्या गावात पोचवायला गुरांचे डॉक्टर, ड्रायव्हर आणि नोंदी करायला मी, असे तिघं गेलो. लस बर्फात ठेवायची होती. भुसा भरलेल्या लाकडी पेटीत बर्फ आणि बर्फात बाटल्या. बर्फ संपला तर लस वाया, आणि पुढची लस आठ दिवसांनी. तोवर गावात किती जनावरं उरतील हे डॉक्टर बोलून दाखवत नव्हते.

तामलवाडीजवळ डावं पुढचं चाक कण्हायला लागलं. ड्रायव्हरनं जीप रस्त्याकडेच्या लोहाराच्या भात्यासमोर उभी केली. ड्रायव्हर वयानं माझ्याहून थोर, निजामाच्या फौजेत लॉरी चालवलेला. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो.

"बेरिंग गया, भाऊसाब," तो म्हणाला. "दुसरा हत्यारांच्या पेटीत है. पण नट काढावा लागेल. आखाचा."

मी घड्याळ पाहिलं, दहा वीस. पेटीचं झाकण किंचित उचलून बर्फ बोटांनी मोजला. निघाल्यापासून दोन बोटं उतरला होता. हिशेब केला, तो दुपारी दोनच्या पुढे फार टिकणार नव्हता. तिथून गाव अकरा मैल, सगळी गाडीवाट, जीपला सव्वा तास. म्हणजे साडेबाराला निघायलाच हवं होतं.

"बैलगाडी जुंपा की," डॉक्टर जमलेल्या लोकांना म्हणाले.

"बुळकांडीच्या गावात बैल न्यायचा?" एक जण हसला. "डॉक्टरसाहेब, तुमीच सांगितलं ना, तिकडं जनावर नेऊ नका म्हणून?"

डॉक्टर बर्फाच्या पेटीपाशी जाऊन बसले.

चाचानं जॅक लावला. चाकाचे पाच नट उजवीकडे फिरवून झटक्यात काढले. माझ्या मडगार्डवरच्या सूचनेवर त्याचा विश्वास आणखी पक्का झाला, आणि माझाही. मग मधलं झाकण उघडलं. आत आखाच्या टोकाला हाताच्या मुठीएवढा नट, ग्रीसमध्ये बुडालेला. त्याला अडकवलेल्या पत्र्याची दुमडलेली कड छिन्नीनं सरळ केली. सवयीनं मी नटाच्या बाहेर दिसणारे आटे मोजून वहीत टिपले : तीन.

पाना लावला. नट हलेना. रॉकेल ओतून वाट पाहिली. हलेना. लोहारानं पाण्याच्या इंजिनाचा चार हात लांब पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. तीन माणसं लोंबकळली.

"कुठल्या अंगाला ओढायचं?" एकानं विचारलं.

"लिवलंय की हितं!" शाळा शिकलेल्या एकानं मडगार्ड वाचून दाखवलं. "सरकारी अक्षर हाय. उलटंच ओढा."

"हाऽऽ बोला!" म्हणून पाच जणांनी जोर लावला. पाना किंचित सरकला.

"हलला! हलला!" सगळे ओरडले. डॉक्टरांनी टोपी काढून घाम पुसला. मला इतका आनंद झाला की वहीत वेळ लिहायची राहून गेली. अकरा वाजले असतील. पण त्यानंतर मात्र नट ढिम्म. दोनदा पाइप वाकला, एकदा चाचा पाठीवर पडला. डॉक्टर दर पाच मिनिटांनी पेटी उघडायला जात आणि मी झाकणावर हात ठेवी.

"साहेब, बघून बर्फ वाढणार नाही."

"तुमचं गणित काय म्हणतं?"

"आणखी चाळीस मिनिटं."

आता लोहार उकिडवा बसला आणि ग्रीस पुसून नटाकडे पाहत राहिला.

"भाऊसाहेब, मघाशी किती आटे दिसत व्हते?"

"तीन."

"आता मोजा."

मी मोजले. तीन पूर्ण आणि चौथ्याचा अर्धा.

"नट सैल झाला तर भायेर येईल. मग आटे कमी दिसायला पायजेत का जास्त?"

मी वहीकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं, मडगार्डकडे पाहिलं.

"चाचा," मी म्हणालो, "आपण तासभर नट आवळतोय."

चाचा डोक्याला हात लावून बसला. "या खुदा! उलटे ते चाकाचे. आखाचा सीधा है."

"मग असं लिहिलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी लिहिलं."

लोहार म्हणाला, "अक्षर झकास हाय, भाऊसाहेब. पर नटाला कुठं वाचता येतंय?" आणि सगळा घोळका हसत सुटला. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चाचानं ग्रीसचं बोट त्या ओळीवरून फिरवून टाकलं.

पाइप दुसऱ्या बाजूनं घातला. आवळलेला नट सोडवायला सात जण लागले. काड्‌कन आवाज झाला आणि सातही जण एकमेकांवर पडले. डॉक्टर धावले ते त्यांना उचलायला नव्हे, नट बघायला. आटे कमी झाले होते. नवं बेरिंग बसवून, चाक चढवून आम्ही निघालो तेव्हा बारा एक्केचाळीस झाले होते, म्हणजे हिशेबापेक्षा अकरा मिनिटं उशीर. चाचानं ती अकरा मिनिटं गाडीवाटेवर वसूल केली. माझं डोकं छताच्या दांडीला नेमकं किती वेळा आपटलं, ते मात्र मी मोजलं नाही.

गावात सगळी जनावरं लिंबांखाली बांधून लोक सकाळपासून बसले होते. डॉक्टरांनी थेट सुई उकळायला सांगितली. मी एकेक जनावर लिहीत गेलो, गाय, बैल, वासरू. डॉक्टरांची बाही कोपरापर्यंत भिजली, पण ते मध्येच शीळ घालू लागले. शेवटी यादी संपली आणि एका बाटलीत थोडी लस उरली.

तेवढ्यात एक म्हातारी दोन म्हशी घेऊन आली.

"आजी, एवढा वेळ कुठं होता?"

"कडब्याच्या गंजीमागं," ती म्हणाली. "सुईनं मरत्यात म्हणून दडवल्या व्हत्या. पर दुसऱ्यांच्या टोचल्या, त्या तर रवंथ करत बसल्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, बर्फ आहे?"

मी पेटीत हात घातला. भुसा, थंड पाणी, मग कोपऱ्यात बोटांना काहीतरी लागलं. लिंबाएवढं.

"आहे," मी म्हणालो. "पण आजींना म्हणावं, म्हशी लवकर धरा."